एबीएसचा पिवळा दिवा आणि चाकापाशी बसलेला बोटाएवढा सेन्सर

२०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्या वर गेली आणि बडोद्याच्या कितीतरी सोसायट्यांत गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. ज्यांच्या गाडीत सीटपर्यंत पाणी चढलं ते विम्याच्या मागे लागले. माझ्यासारख्या अनेकांच्या गाड्यांना मात्र निम्म्या चाकापर्यंतच पाणी लागलं. पाणी उतरलं, गाडी पहिल्या चावीला सुरू झाली, आणि आम्ही देवाचे आभार मानून कामाला लागलो.

नवरात्र आलं तेव्हा डॅशबोर्डवर पिवळ्या वर्तुळात ‘एबीएस’ अशी अक्षरं पेटली. आधी अधूनमधून, मग कायमची. गॅरेजवाल्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि सांगितलं, "साहेब, मॉड्यूल गयुं. बदलवुं पडशे." मॉड्यूल म्हणजे ब्रेकची एबीएस व्यवस्था चालवणारा कॉम्प्युटर. रक्कम पाच आकडी होती. दुसऱ्या ठिकाणी सेन्सर बदलायला सांगितला. तो बदलला, तरी दिवा तसाच. शेवटी दोष निघाला मागच्या सीटखालच्या एका कनेक्टरमध्ये. गालिच्याखाली राहिलेल्या ओलीने त्याच्या पिना हिरव्या पडल्या होत्या.

त्यानंतर आमच्या कारेलीबागेतल्या ओळखीच्यांपैकी निदान चौघांनी मला हाच दिवा दाखवला. पावसाळा दर वर्षी येतो, अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रेल्वेखालचा रस्ता, दर वर्षी भरतं, आणि गाड्या त्यातून जातातच. म्हणून हे प्रकरण मुळापासून सांगतो.

एबीएस नेमकं काय करतं

ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तर चाक फिरायचं थांबतं, पण गाडी थांबत नाही. ती घसरत पुढे जाते. याला चाक ‘लॉक’ होणं म्हणतात. लॉक झालेल्या पुढच्या चाकांना स्टिअरिंगचं ऐकू येत नाही. तुम्ही डावीकडे वळवा की उजवीकडे, गाडी नाकासमोर सरळ जाते. समोर गाय बसलेली असली तरी तिच्या बाजूने काढता येत नाही.

एबीएस, म्हणजे अँटिलॉक ब्रेकिंग सिस्टिम, एवढंच पाहते की कोणतं चाक लॉक व्हायच्या बेतात आहे. तसं दिसलं की त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सैल करते, पुन्हा दाबते, पुन्हा सैल करते; सेकंदाला दहा-पंधरा वेळांपर्यंत. पायाखाली पेडल थरथरतं ते त्यामुळे. बॉशने ही इलेक्ट्रॉनिक पद्धत १९७८ साली मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत पहिल्यांदा विक्रीसाठी आणली. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ती सक्तीची आहे. म्हणजे तुमची गाडी त्यानंतरची असेल तर तिच्या चारही चाकांवर पहारा आहे, आणि तो पहारा करणारा म्हणजे व्हील स्पीड सेन्सर. मराठीत चाकाच्या वेगाचा संवेदक म्हणता येईल, पण गॅरेजमध्ये सगळे सेन्सरच म्हणतात, मीही तेच म्हणतो.

गरब्याच्या कडेला उभा असलेला माणूस

नवरात्रातला मोठा गरबा डोळ्यांसमोर आणा. गोल फिरतो आहे. तुम्ही कडेला एकाच जागी उभे आहात आणि समोरून जाणारा एकेक खेळाडू मोजता आहात. मिनिटाला किती जण गेले यावरून गोल किती वेगात फिरतो ते तुम्हाला कळतं. तुम्हाला गोलात शिरावं लागत नाही, कुणाला हात लावावा लागत नाही.

सेन्सर हेच करतो. चाकाबरोबर एक कडं फिरतं, त्याला टोन रिंग म्हणतात. जुन्या रचनेत त्यावर लोखंडी दाते असतात. नव्या रचनेत दात्यांऐवजी चाकाच्या बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टे भरलेले असतात, एक उत्तर, एक दक्षिण, असे आळीपाळीने. ते डोळ्यांना दिसत नाहीत, साधं काळं रबर वाटतं. सेन्सर त्या कड्यापासून मिलिमीटरभर अंतरावर एकाच जागी बसून समोरून जाणारे दाते किंवा पट्टे मोजत राहतो.

समजा तुमचं टायर १६५/८० आर १४ मापाचं आहे. त्याचा घेर जवळजवळ १.९५ मीटर. ताशी ५० किलोमीटरला गाडी सेकंदात सुमारे १४ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला सातेक वेळा फिरतं. कड्यावर ४८ दाते असतील तर सेन्सर सेकंदाला ३४० च्या आसपास ठोके मोजतो. असे चार सेन्सर एकाच वेळी एबीएसच्या कॉम्प्युटरला हिशेब देतात. तीन चाकं ५० म्हणत असताना चौथं एकदम १० वर आलं, तर ते लॉक व्हायला निघालं आहे असं कॉम्प्युटर धरतो.

आता त्या गरब्यात एक खेळाडू मध्येच बाहेर पडला आणि त्याची जागा मोकळी राहिली तर? मोजणाऱ्याला क्षणभर वाटेल की गोल थबकला. तडा गेलेल्या किंवा एक दाता तुटलेल्या टोन रिंगचं अगदी हेच होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दोन जातीचे सेन्सर

हा फरक मेकॅनिकला माहीत नसला तर तो चांगला सेन्सरही मोडीत काढतो, म्हणून थोडा वेळ इथे थांबू.

जुना प्रकार सायकलच्या डायनामोचा भाऊ. आत चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं. दाता समोरून गेला की वेटोळ्यात स्वतःहून थोडी वीज तयार होते. सायकल हळू चालली की दिवा मंद होतो, तसंच इथेही अगदी मंद वेगाला सिग्नल इतका क्षीण होतो की कॉम्प्युटरला तो ऐकूच येत नाही. याला पॅसिव्ह म्हणतात.

नव्या प्रकाराला, म्हणजे ॲक्टिव्हला, गाडीतून वीज द्यावी लागते. आत छोटी चिप असते. ती नळासारखी दोनच अवस्थांत राहते: बारीक धार आणि मोठी धार. बहुतेक गाड्यांत हे प्रमाण ७ आणि १४ मिलिअँपिअर असतं. पट्टा बदलला की धार बदलते. गाडी मुंगीच्या पावलांनी सरकली तरी याला कळतं, म्हणून चढावर गाडी धरून ठेवणारी हिल होल्डसारखी सोयही याच्याच जोरावर चालते.

पॅसिव्ह सेन्सर मल्टीमीटरने ओहममध्ये मोजता येतो. बऱ्याच गाड्यांत ८०० ते २००० ओहम येतात. ॲक्टिव्ह सेन्सरला तशी मोजणी लावू नये. आकडा निरर्थक येतो आणि चिपलाही धोका असतो. "रीडिंग नथी आवतुं, सेन्सर खलास" असं ऐकलं की आधी विचारा, हा सेन्सर कोणत्या जातीचा? ओळखायची सोपी रीत अशी: सेन्सरचा प्लग काढा, इग्निशन चालू करा, गाडीकडून येणाऱ्या दोन तारांत व्होल्ट मोजा. बॅटरीच्या जवळपास व्होल्ट आले तर ॲक्टिव्ह. आणि ॲक्टिव्ह आहे हे आधीच माहीत असूनही व्होल्ट येत नसतील, तर दोष सेन्सरकडे नाही, मागच्या वायरिंगमध्ये आहे. मी नवा सेन्सर विकत घेण्याआधी कुणी ही दोन मिनिटांची तपासणी केली असती तर माझे पैसे वाचले असते.

"दिवा पेटला तरी ब्रेक तर लागतो, मग घाई कसली?"

हे अर्धं खरं आहे. फक्त पिवळा एबीएस दिवा लागला असेल तर साधे ब्रेक शाबूत असतात. गाडी १९९० च्या दशकातल्या गाडीसारखी झाली असं समजा. अंतर राखून, हळू चालवत गॅरेजपर्यंत जाता येतं.

पण पिवळ्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही पेटला तर प्रकरण वेगळं. एबीएसच्या सोबत ईबीडी नावाची एक व्यवस्था असते. ब्रेक दाबल्यावर गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. ईबीडी मागच्या ब्रेकचा जोर त्या मानाने कमी ठेवते. तीही बंद पडली तर मागची चाकं आधी लॉक होऊ शकतात, आणि मागचं लॉक झालं की गाडी गर्रकन फिरते. लाल दिवा हँडब्रेक अर्धवट वर राहिल्याने किंवा ब्रेक ऑइल कमी झाल्यानेही लागतो, म्हणून आधी ते दोन्ही पाहा. तरीही दोन्ही दिवे राहिले तर गाडी टोइंग करून न्या. अहमदाबादच्या एक्स्प्रेस वेवर तर अशी गाडी मुळीच घेऊन जाऊ नका.

आणखी एक प्रकार आहे, जो मला सगळ्यात वाईट वाटतो, कारण त्यात दिवा पेटेलच असं नाही. गाडी सिग्नलला थांबते आहे, वेग ताशी दहाच्या आसपास, रस्ता कोरडा, ब्रेक हलकाच दाबलेला, आणि अचानक पेडल थरथरतं, गाडी दोन हात पुढे सरकते. दाता तुटलेल्या कड्याचं किंवा सेन्सरच्या टोकावर साचलेल्या लोखंडी भुशाचं हे लक्षण. कॉम्प्युटरला क्षणभर वाटतं चाक लॉक झालं, आणि तो बिचारा प्रामाणिकपणे ब्रेक सोडतो. समोर स्कूटर उभी असेल तर ते दोन हात फार असतात. असं एकदा जरी झालं तरी तपासून घ्या.

तपास कुठून सुरू करायचा

सर्वांत आधी ज्याला पैसे पडत नाहीत ते. चारही टायर एकाच मापाचे आहेत का? पंक्चरनंतर स्टेपनी लावली आणि ती बाकीच्यांपेक्षा लहान असेल, तर ते चाक जास्त वेळा फिरतं आणि हिशेब जुळत नाही. हवा बघा. बॅटरी कमजोर असली तरी हा दिवा लागू शकतो. एबीएसचा फ्यूज बघा.

मग स्कॅन, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणं. इथे एक गैरसमज फार पसरला आहे. ऑनलाइन मिळणारे स्वस्त ब्लूटूथ रीडर बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड वाचतात. ते ‘कोणताही दोष नाही’ म्हणाले म्हणून एबीएसमध्ये दोष नाही असं होत नाही. एबीएसचे कोड वाचणारा स्कॅनर लागतो. हे कोड ‘सी’ने सुरू होतात. सर्वसाधारण यादीत सी००३५ म्हणजे पुढचं डावं चाक, सी००४० पुढचं उजवं, सी००४५ मागचं डावं, सी००५० मागचं उजवं. कंपन्यांचे स्वतःचे वेगळे कोडही असतात.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कोड चाकाचं नाव सांगतो, बिघडलेल्या भागाचं सांगत नाही. ‘मागचं डावं’ याचा अर्थ एवढाच की त्या कोपऱ्यातून हिशेब येत नाही किंवा विश्वास बसेल असा येत नाही. दोषी सेन्सर असेल, तार असेल, कनेक्टर असेल, कडं असेल, बेअरिंग ढिलं असेल. पोस्टमन पत्र आणत नाही म्हणून लिहिणाराच गेला असं आपण धरत नाही.

कोड वाचल्यावर स्कॅनरवर ‘लाइव्ह डेटा’ उघडायला सांगा. रस्ता मोकळा बघून एकाने सरळ रेषेत ताशी वीस-तीसने चालवायचं, दुसऱ्याने चारही चाकांचे आकडे पाहायचे. सरळ रस्त्यावर चारही सारखे हवेत. एक शून्यावर अडकलं असेल तर सिग्नलच नाही. एक मध्येच शून्य होऊन परत येत असेल तर सैल कनेक्टर, तुटायला आलेली तार किंवा फुटकं कडं. वळणावर आतल्या बाजूची चाकं कमी वेग दाखवतात, तो दोष नाही.

चाकापाशी काय बघायचं

पुढच्या चाकांची तार स्टिअरिंगबरोबर रोज शेकडो वेळा वाकते. ती आतून तुटते, बाहेरचं रबर धडधाकट दिसतं. इग्निशन चालू ठेवून, गाडी उभी असताना तार हलक्या हाताने हलवत स्कॅनर बघितला की अशी तार बऱ्याचदा पकडली जाते. शॉकअॅब्सॉर्बरचं काम नुकतंच झालं असेल तर तारेची क्लिप परत बसवली की नाही ते आधी बघा. लोंबणारी तार टायरला घासते. पावसाळ्यात उभ्या गाडीत उंदीर आसरा घेतात, आणि त्यांनी कुरतडलेली तार मी स्वतः पाहिली आहे.

कनेक्टर उघडा. हिरवा किंवा पांढरा थर दिसला तर बराचसा शोध तिथेच संपतो. पुरात उभ्या राहिलेल्या गाडीत गंज लगेच त्रास देत नाही. आठवडे, महिने घेतो. माझी गाडी ऑगस्टमध्ये भिजली आणि दिवा ऑक्टोबरमध्ये लागला, त्याचं कारण हेच. मांजलपूरच्या ज्या वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनने शेवटी दोष पकडला, त्यांनी सेन्सरला हातही लावला नव्हता. त्यांनी तारेचा माग काढत काढत मागची सीट उचलली, गालिचा दाबून पाहिला, आणि बोटांना ओल लागताच मान हलवली. काँटॅक्ट क्लीनरने पिना साफ करून, खराब झालेल्या दोन पिना बदलून, दोन तासांत गाडी परत दिली.

मग सेन्सर. तो एका लहान बोल्टने धरलेला असतो, पण गंजामुळे भोकातच अडकतो. गंज सोडवणारं तेल मारून वाट बघावी, हळूहळू डावी-उजवीकडे फिरवून काढावा. हातोडी घातली तर प्लास्टिक तुटतं आणि अर्धा तुकडा आत राहतो. टोकावरचा लोखंडी भुसा कापडाने पुसावा, बसायची जागा गंज काढून स्वच्छ करावी. जागेत गंज राहिला तर सेन्सर थोडा वर उचलला जातो आणि मिलिमीटरभर अंतराचं दीड-दोन होतं. तेवढ्यानेही सिग्नल हरवतो.

बेअरिंग बदललं आणि दिवा लागला

हा प्रश्न इतका नेहमीचा आहे की वेगळा घेतो. चुंबकीय पट्ट्यांच्या बेअरिंगला सुलट-उलट बाजू असते. पट्ट्यांची बाजू सेन्सरकडे हवी. डोळ्यांना दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसतात, आणि प्रेसवर बेअरिंग उलटं बसवलं की चाक लोण्यासारखं फिरतं, आवाज नाही, पण सेन्सरसमोर मोजायला काहीच नाही. बसवण्याआधी चुंबकीय बाजू तपासायचं एक कार्ड मिळतं, त्यावर पट्टे उमटतात. ते नसेल तर बारीक टाचणी कोणत्या बाजूला चिकटते ते पाहावं. मात्र त्या बाजूजवळ मोठा चुंबक, चुंबकी ट्रे वगैरे आणू नये, पट्टे बिघडतात.

"तार जोडून भागत नाही का?"

भागतं, पण कुठे आणि कशी जोडली त्यावर. चाकापाशी जिथे तार सतत वाकते तिथे पिळून टेप गुंडाळलेली जोड पहिल्या मोठ्या पावसापर्यंत टिकते. तिथली तार तुटली असेल तर तारेसकट सेन्सर बदललेला बरा. आत, न हलणाऱ्या जागी, पाणी शिरणार नाही अशी नीट सील केलेली जोड मला मान्य आहे. काही कंपन्या कोणतीही जोड नको म्हणतात. गाडी वॉरंटीत असेल तर त्यांचं ऐका.

"दिवाच काढून टाकला तर?"

हे करणारे आहेत, आणि मला याचा राग येतो. फ्यूज काढतात, दिव्यावर काळी पट्टी लावतात, आणि गाडी विकतात. घेणाऱ्याला वाटतं एबीएस आहे. तो ओल्या रस्त्यावर त्याच भरवशावर ब्रेक दाबतो.

जुनी गाडी घेताना चावी इग्निशनला फिरवा आणि इंजिन सुरू करू नका. एबीएसचा दिवा दोन-तीन सेकंद पेटून विझला पाहिजे. ती त्याची स्वतःची तपासणी असते. तो पेटलाच नाही तर सौदा तिथेच थांबवा आणि स्कॅन करून घ्या.

मॉड्यूल कधी बदलायचं

एबीएसचं मॉड्यूल बिघडतच नाही असं नाही. पाणी शिरलेल्या गाडीत तर बिघडूही शकतं. पण आधी चाकापासून मॉड्यूलच्या प्लगपर्यंत तार अखंड आहे हे मोजून दाखवायला सांगा. दोन्ही बाजूंचे सेन्सर एकाच पार्ट नंबरचे असतील तर डावा-उजवा अदलाबदल करून बघता येतं: कोड सेन्सरबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर सेन्सर खराब, जागीच राहिला तर तार, कडं, बेअरिंग. हे सगळं होऊन, टोन रिंगवरही नजर फिरवून, तरी कोड हलला नाही, तर मॉड्यूलचं बोलणं रास्त. बदललेला जुना भाग आणि स्कॅनचा आधीचा व नंतरचा फोटो मागून घ्या. चांगला कारागीर त्याला कधी नाही म्हणत नाही.

दुरुस्तीनंतर कोड पुसला तरी काही गाड्यांत दिवा उभ्या गाडीत विझत नाही. कॉम्प्युटरला चारही चाकं फिरताना पाहायची असतात, त्यासाठी गाडी थोडी चालवावी लागते. माझा दिवा मांजलपूरच्या त्या वर्कशॉपच्या दारात पेटलेलाच होता. मी धास्तावलो, काका मात्र शांतपणे शेजारच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "चलावो." गल्लीच्या कोपऱ्यावर गाडीने वेग घेतला आणि तो विझला. त्यांनी मला तिथूनच परत वळवलं आणि एकदा लाइव्ह डेटा उघडून चारही आकडे सारखे असल्याचं दाखवलं.